सरकारच्या सातबाऱ्यावर बोजा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सरकारी यंत्रणेवर विषमता कमी करण्याचे बंधन कायद्यानेच घालावे, अशी मागणी गेल्या काही बैठकांत तीन-चार तालुक्यांतून आली. ठराव करून मोकळे व्हावे, असाही काहींचा आग्रह होता. तेव्हा आम्ही ठराव घेतला नाही. ठराव करायला काय लागते? हात वर करायला लागतो. पण बैल घ्यायचा तर आपण आधी त्याचे दात बघतो, मग कायदा मागताना दात बघायला नकोत? म्हणून आज हा विषय सविस्तर मांडायचे ठरवले आहे.

आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी एक शंका काढली. ती आधी घेऊ. ते म्हणाले, विषमता दूर करायचे काम सरकारच्या हाती दिले की सरकारच तेवढे मोठे होते. एक नवे खाते निघते, त्याला आयुक्त येतो, आयुक्ताला गाडी येते, आणि गरिबाच्या नावावर आणखी शे-दोनशे माणसांची सोय लागते. शंका खोटी नाही. आजवर असेच होत आले. म्हणून पहिल्यांदाच सांगतो, सरकारला नवे अधिकार द्या असे आमचे म्हणणे नाही. सरकारवर बोजा चढवा, असे आमचे म्हणणे आहे.

बोजा म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायला नको. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज काढले की सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद होते. किती रक्कम, कोणाची, कधीची, सगळे लिहिलेले. फेडल्याशिवाय ती नोंद उतरत नाही. पोरीच्या लग्नाला एकर विकायला काढला की ती पहिली पुढे येते. आपण घेतलेले प्रत्येक देणे असे कागदावर आहे. मग सरकार आपले जे देणे लागते, ते कोणत्या उताऱ्यावर चढलेले आहे?

घटनेत लिहिले आहे, पण...

घटनेत ते लिहिलेले आहे, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. अडतिसाव्या कलमाला १९७८ सालच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने दुसरे पोटकलम जोडले गेले. आणीबाणी उठल्यानंतरचे ते दिवस. त्या पोटकलमाचा मथितार्थ असा : राज्याने उत्पन्नातली विषमता कमीत कमी करण्यासाठी झटावे, आणि दर्जा, सोयी व संधी यांतली विषमता नाहीशी करण्याचा प्रयत्न करावा. ही विषमता नुसती माणसामाणसांतली नव्हे, वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या आणि वेगवेगळ्या व्यवसायांत असणाऱ्या लोकसमूहांमधलीसुद्धा.

शब्द नीट ऐका. वेगवेगळे भाग आणि वेगवेगळे व्यवसाय. शेती हा व्यवसाय आहे आणि शेतकरी हा लोकसमूह आहे. शेती करणारा आणि शेती न करणारा यांच्यातली दरी बुजवण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे काम आहे, असे देशाच्या घटनेत लिहिलेले आहे. हे सांगायला आपल्याला रस्त्यावर यावे लागले, लाठ्या खाव्या लागल्या.

आता त्याच्या एक घर अलीकडे या. सदतिसावे कलम म्हणते की ही तत्त्वे देशाच्या कारभाराला मूलभूत आहेत, पण कोणत्याही न्यायालयामार्फत ती अमलात आणता येणार नाहीत. म्हणजे देणे कबूल, पण सावकाराला कोर्टात जायची बंदी. असे कर्ज आपल्याला मिळाले असते तर आपणही आनंदाने काढले असते!

इंग्लंडात काय झाले

आपल्याकडे कायदा मागणारे कार्यकर्ते ब्रिटनचा दाखला देतात, म्हणून तिकडे काय झाले ते थोडक्यात पाहू. तिथे ८ एप्रिल २०१० रोजी समानतेचा एक मोठा कायदा मंजूर झाला. त्याच्या पहिल्याच कलमात सांगितले होते की मंत्र्यांची खाती, जिल्हा-नगराच्या कौन्सिली अशा सार्वजनिक यंत्रणांनी धोरणाचे मोठे निर्णय घेताना, सामाजिक-आर्थिक दुर्बलतेमुळे लोकांच्या वाट्याला जे कमी-जास्त येते ते कमी करण्याच्या इष्टतेचा यथोचित विचार करावा.

कायदा एप्रिलमध्ये झाला, मे महिन्यात सरकार बदलले. आणि १७ नोव्हेंबर २०१० रोजी नव्या सरकारच्या मंत्री थेरेसा मे यांनी जाहीर केले की हे कलम आम्ही अमलात आणणार नाही. रद्द केले नाही. रद्द करायचे तर पार्लमेंटात चर्चा करावी लागते, मते मोजावी लागतात. त्यांनी नुसती अंमलाची तारीख दिली नाही. पुस्तकात कलम पहिले, गावात त्याचा पत्ता नाही. स्कॉटलंडने ते आपल्यापुरते १ एप्रिल २०१८ पासून लागू केले, वेल्सने ३१ मार्च २०२१ पासून. इंग्लंडात ते तसेच पडून राहिले. २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ते लागू करण्याचे वचन दिले. म्हणजे ज्या पक्षाने कलम लिहिले, त्यालाच चौदा वर्षांनी त्याचे पुन्हा वचन द्यावे लागले.

यातून आम्ही दोन गोष्टी टिपून ठेवल्या. पहिली, कायदा मंजूर होणे वेगळे आणि लागू होणे वेगळे. तारीख कायद्याच्या पोटातच पाहिजे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या कलमात बंधन आहे ते विचार करण्याचे, विषमता कमी करून दाखवण्याचे नाही. शिवाय त्याच कायद्यात लिहिले आहे की हे कर्तव्य पाळले नाही म्हणून कोणाला खाजगी दावा लावून भरपाई मागता येणार नाही. फार तर निर्णय घेण्याची रीत चुकली म्हणून वरच्या न्यायालयात जाता येईल. साहेबाने फाइलवर ‘विचार केला’ असा शेरा मारला की काम झाले, असे होण्याची भीती आहेच.

तरीपण एक गोष्ट त्यात चांगली आहे. स्कॉटलंडमध्ये यंत्रणेने आपण काय विचार केला ते लेखी मांडून प्रसिद्ध करायचे असते. या एका गोष्टीकडे आपण शेवटी परत येणार आहोत, तोवर ती लक्षात ठेवा.

आपल्या अंगणातला दाखला

परदेशात जायची मुळात गरज नव्हती. विषमता कमी करण्याचे बंधन सरकारवर टाकणारे, आणि मार्गदर्शक तत्त्वांच्या कपाटात बंद नसलेले एक कलम खास आपल्या राज्यासाठी आहे. कलम ३७१, पोटकलम दोन. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना ते तोंडपाठ आहे, नव्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून जरा मागून सांगतो.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. मराठी मुलखाचे एक राज्य व्हावे म्हणून सगळ्या भागांच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना शब्द दिला की पैशाची, नोकऱ्यांची, शिक्षणाची वाटणी न्याय्य होईल. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने त्या शब्दाला घटनेत जागा मिळाली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळे नेमायची, मंडळाच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवायचा, विकासाच्या खर्चाची न्याय्य वाटणी करायची, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्या यांतही न्याय्य व्यवस्था करायची, आणि या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकायची.

पण टाकायची कोणी? तर राष्ट्रपती आदेशाद्वारे तशी तरतूद ‘करू शकतील’. ‘करतील’ असे लिहिलेले नाही. या एका ‘शकतील’ने अडतीस वर्षे खाल्ली. राष्ट्रपतींचा आदेश निघाला ९ मार्च १९९४ ला. १९५६ साली जन्मलेल्या पोराला तोवर पोरे झाली होती. कायद्याच्या मसुद्यात क्रियापद कोणते आहे ते आधी बघायला शिका, एवढेच आमचे सांगणे.

मधल्या काळात एक मोठे काम झाले. १९८३ साली प्राध्यापक वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. दांडेकरांशी आपले सगळे पटत होते असे नाही, पण हिशेब कसा मांडावा हे त्या अहवालातून शिकावे. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी अशी एकेक बाब घ्यायची. तिची राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती पैसे लागतील ते मोजायचे. तो त्या जिल्ह्याचा अनुशेष. सगळ्या बाबींचा मिळून आकडा निघाला ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस, आणि उरलेले ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचे.

या शेवटच्या आकड्यावर थोडे थांबा. अनुशेष म्हटला की विदर्भ विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र असे भांडण लावून द्यायची पुढाऱ्यांना सवय आहे. पण शंभरातले सदतीस रुपये कोकणातल्या आणि देशावरच्या मागे पडलेल्या जिल्ह्यांचे निघाले. मागे राहिलेले सगळीकडे आहेत, ही खरी गोष्ट. ती कोणालाच सोयीची नव्हती, कारण भांडणच संपले असते.

अहवालानंतर मंडळे यायला आणखी दहा वर्षे गेली. १९९४ साली ती आली. मग राज्यपालांनी निर्देशांक व अनुशेष समिती नेमली. तिने १ एप्रिल १९९४ चा अनुशेष काढला, तो सुमारे १४,००० कोटी रुपये! दहा वर्षांत तीन हजारांचे चौदा हजार. काही भाग महागाईचा, काही मोजमाप बदलल्याचा, हे खरे. पण एक कारण दुसरेही आहे. पुढचा बैल थांबत नसतो. मागच्याला सरासरीपर्यंत आणायचे काम चालू असताना पुढच्याच्या पुढ्यात वैरण पडतच राहिली, तर सरासरी पुढे सरकते आणि मागचा होता त्याहून मागे पडतो.

१९९४ च्या आदेशात एक वाक्य मात्र फार मोलाचे होते. राज्यपालांनी ठरवून दिलेल्या निधीची वाटणी अंदाजपत्रकात दिसली पाहिजे, आणि एका मंडळाच्या क्षेत्राचा पैसा दुसऱ्याच्या क्षेत्रात वळवता येणार नाही. आम्ही बोजा म्हणतो तो हाच. रक्कम लिहिलेली, कोणाची ते लिहिलेले, दुसरीकडे वळवायला बंदी. पुढे राज्यपाल दर वर्षी निर्देश काढू लागले, तेव्हा मंत्रालयात काही जणांची झोप उडाली ती या वाक्यामुळे.

आणि तरीही पाणी आले नाही

मग मागासलेल्या तालुक्यांत पाणी खळाळायला पाहिजे होते. झाले काय?

राज्य सरकारच्याच २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतले आकडे बघा. पिकाखालच्या क्षेत्रात सिंचनाखालचे क्षेत्र २०००-०१ साली १७.८ टक्के होते, २००९-१० साली १७.९ टक्के. दहा वर्षांत एक दशांश टक्का! या काळात पाटबंधाऱ्यांवर सुमारे ७० हजार कोटी रुपये गेल्याचा आकडा तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत गाजत होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. आकड्यांवर वाद झाले. सिंचनक्षमता निर्माण झाली आहे, नुसती नोंद अपुरी आहे, असे खात्याचे म्हणणे पडले. सिंचनक्षमता हा शब्द मोठा गमतीचा आहे. धरण झाले, कालवा झाला, चारी झाली नाही, तरी क्षमता निर्माण झाली. पीक क्षमतेवर येत नाही, ते पाण्यावर येते.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्दची कथा सगळ्यांना माहीत आहे. राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी भूमिपूजन झाले तेव्हा अंदाज होता ३७२ कोटींचा. २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला. २०१६ च्या सुधारित अंदाजात तो १८ हजार कोटींच्या वर गेला. विदर्भाच्या हिश्श्याचा पैसा विदर्भातच खर्च झाला, म्हणजे कागदावर कर्तव्य पार पडले. ज्यांची घरेदारे बुडाली त्यांना आणि ज्यांच्या बांधावर पाणी यायचे होते त्यांना विचारा की कर्तव्य पार पडले का.

चूक पैसा देण्यात नव्हती. रुपया मोजला आणि पाणी मोजले नाही, ही चूक. बंधन होते ते निधीच्या वाटणीचे. निधी जिल्ह्यात पोचला की राज्यपालांचे बंधन संपले, ठेकेदाराचे काम सुरू झाले. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीखाली तालुका झाकला जातो, आणि तालुक्याच्या सरासरीखाली टेलचा शेतकरी झाकला जातो. कालव्याच्या तोंडाशी ऊस उभा आणि शेवटच्या चारीला गवत उगवलेले, हे आपल्याच गावातले चित्र आहे. तोंडाशी बसलेल्यांत आपल्या संघटनेचे बिल्ले लावणारेही आहेत. विषमता कमी करायचा कायदा आला तर तो त्यांच्याही बांधावरून जाईल, हे समजूनच हात वर करा. ज्या घरची बाई दिवसभर शेतात राबते आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, त्या घरालाही तो विचारील.

मंडळांचे पुढे काय झाले? मुदत वाढवत वाढवत ती ३० एप्रिल २०२० पर्यंत आली, आणि त्या दिवशी संपली. करोनाच्या गडबडीत कोणाच्या लक्षातही आले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा नेमण्याचा निर्णय घेऊन चेंडू दिल्लीकडे टोलवला. मंडळे फार कामाची होती असे आम्ही म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा अहवाल विधानसभेपुढे येत होता, कोणीतरी आकडे मागत होते. बोजा उतरला नव्हता, ज्या वहीत तो लिहायचा ती वही मिटली.

कर्तव्य कधी चावते

मग असे बंधन कधी खरे ठरलेच नाही का? ठरले, आणि तेही याच महाराष्ट्रात. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली. कल्पना वि. स. पागे यांची. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कोठून? १९७५ सालापासून शहरातल्या पगारदारांकडून आणि धंदेवाल्यांकडून व्यवसाय कर घेतला जात होता, त्यातून, आणि तेवढीच भर सरकारची. नंतर केंद्राने २००५ साली जो रोजगाराचा कायदा केला, त्याचे बियाणे इथले.

रोजगार हमीच्या कामात किती खडी फोडली गेली आणि किती बिले फुगली, याची चर्चा आज नको. मुद्दा कायद्याच्या बांधणीचा आहे. त्यात सरकारने ग्रामीण गरिबीचा विचार करावा असे लिहिले नव्हते. मजुराने अर्ज द्यायचा, पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे, नाही मिळाले तर बेकारभत्ता. भत्ता सुरुवातीला रोजचा अवघा एक रुपया. रुपयाला किंमत नव्हती, पण त्या रुपयाच्या जोरावर निरक्षर बाई तहसीलदाराच्या टेबलापुढे उभी राहून ‘पंधरा दिवस झाले’ म्हणू शकत होती. तालुक्या-तालुक्यांत मोर्चे निघाले ते त्या पंधरा दिवसांच्या जोरावर.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून बघा. ३७१(२) मध्ये रक्कम मोठी, मागणारा कोणी नाही. राज्यपाल मागणार, तेही राज्याची एकंदर गरज सांभाळून. रोजगार हमीत रक्कम लहान, पण मागणारा दारात उभा, आणि मुदत ठरलेली. कर्तव्य चावते ते मागणाऱ्याच्या हातात कागद असला तर.

खड्डा खणणारा आणि बुजवणारा

आता आमच्या मते जो खरा मुद्दा आहे त्याच्याकडे येतो. विषमता कमी करा असे म्हणताना आपण धरून चालतो की विषमता आभाळातून पडली आणि सरकार ती झाडून काढणार आहे. शेतीपुरते बोलायचे तर हे खरे नाही. खड्ड्याचा मोठा भाग सरकारनेच खणला आहे.

ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रियर ही संस्था यांनी मिळून २०१८ साली हिशेब मांडला. २००० ते २०१६ या काळात निर्यातबंद्या, साठ्यावरची बंधने आणि बाजारातले हस्तक्षेप यांनी भारतीय शेतकऱ्याच्या मिळकतीतून जे काढून घेतले, त्यातून सगळी अनुदाने वजा केल्यावरही सरासरीने एकूण शेती उत्पन्नाच्या १४ टक्के इतकी वजाबाकी उरते. खत, वीज, सगळे देऊन वर ही वजाबाकी! राष्ट्रीय नमुना पाहणीचे २०१८-१९ चे आकडे सांगतात की देशातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. शेतकरी म्हणवणाऱ्याला पिकापेक्षा मजुरीतून जास्त मिळते, ही वेळ आपोआप आलेली नाही.

कांद्याचेच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठवली, तीही शुल्क आणि किमान निर्यात दर ठेवून. शुल्क पूर्ण गेले ते १ एप्रिल २०२५ ला. लासलगाव, चाकण, सोलापूरच्या बाजारात या दीड वर्षात काय झाले ते तुम्ही भोगले आहे. आता विचार करा, बंदीच्या हुकमाखाली कोठे लिहिले होते का, की या निर्णयाने अमुक इतक्या कांदा उत्पादकांच्या घरातून अमुक इतके जाणार आहे, त्यांचे उत्पन्न मुळात इतके आहे, आणि ज्यांच्यासाठी हे करतो आहोत त्यांचे इतके आहे? असा कागदच नव्हता. शहरातल्या गिऱ्हाइकाचा विचार झाला, कारण त्याचे रडणे टीव्हीवर दिसते.

स्कॉटलंडातला तो लेखी कागद लक्षात ठेवायला सांगितला होता, तो यासाठी. आपल्याला हवा तो कायदा आधी इथे लागला पाहिजे. सरकारने विषमता कमी करण्यासाठी काय केले हे मागाहून विचारू. विषमता वाढवणारा हुकूम काढण्याआधी त्याचा हिशेब लिहून गावात लावल्याशिवाय हुकूम लागू होणार नाही, एवढे पहिले कलम असू द्या. यात नवे खाते नाही, नवा आयुक्त नाही. जुन्या कार्यकर्त्यांच्या शंकेला आमचे उत्तर हेच आहे. या कायद्याने सरकार मोठे होत नाही, त्याचा हात जरा जड होतो.

ठरावाविषयी

तेव्हा ठराव घ्यायचा, पण या शब्दांत. किंमत, निर्यात, साठा, धरण, शाळा बंद करणे, एसटीची गाडी बंद करणे अशा निर्णयांआधी खालच्या उत्पन्नाच्या माणसावर काय परिणाम होईल ते लेखी जाहीर करणे बंधनकारक असावे. अंमलाची तारीख कायद्यातच असावी, आणि ‘करू शकेल’ हा शब्द त्यात कोठेही नसावा. मोजमाप रुपयांत नको; भिजलेले एकर, चाललेली शाळा, दवाखान्यात हजर असलेला डॉक्टर यांत हवे, आणि जिल्ह्याचे नको, तालुक्याचे हवे. मागण्याचा अधिकार तालुक्यातल्या कोणत्याही माणसाला असावा, आणि ठरल्या मुदतीत लेखी उत्तर न देणाऱ्याचे नाव आणि दंड दोन्ही कायद्यात असावे. यातली निर्यातीची बाब दिल्लीची आहे, म्हणून ठराव दोन करावे लागतील, एक मुंबईला आणि एक खासदारांच्या हातात.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एक काम आजच करता येते. १९९८ च्या कायद्याने आपल्याकडे जिल्हा नियोजन समित्या आहेत, जिल्ह्याच्या पैशाची वाटणी तिथे होते. प्रत्येक तालुक्याने माहिती अधिकारात गेल्या पाच वर्षांची तालुकावार तरतूद आणि तालुकावार खर्च मागायचा. अर्ज लहान ठेवा, एका अर्जात एकच विषय. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. पाटबंधारे खात्याला वेगळा अर्ज, त्यात क्षमता विचारू नका, प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र चारीवार विचारा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करायचे. अर्जाचे नमुने तालुकाप्रमुखांकडे दिले आहेत. ज्या तालुक्यांचे आकडे पुढच्या बैठकीआधी आठ दिवस आमच्याकडे येतील, त्यांचा तक्ता याच अंकात छापू. ज्यांचे येणार नाहीत त्यांच्या नावापुढे रिकामी जागा छापू.